विद्यापीठांतील नोकरवर्ग आणि त्याची संघटना

सोलापुरांत गिरणीकामगारांचा संघ म्हटला तर कोणी मान वर करून पाहणार नाहीं. जुनी गिरणी, नरसिंगगिरजी, विष्णु, लक्ष्मी यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचें घड्याळ वर्षानुवर्षें चाललें, त्या शहराला संप, टाळेबंदी, बोनस, वाटाघाटी हे शब्द शाळेच्या पुस्तकांतून शिकावे लागले नाहींत. परंतु प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेंतील परिचर, परीक्षाविभागांतील कारकून अशा मंडळींनीं संघ काढला, वर्गणी गोळा केली आणि मोर्चा नेला, कीं सुशिक्षित घरांतूनसुद्धां एक प्रश्न हमखास विचारला जातो: यांना संघ हवा कशाला? पगार नियमित, सुट्या भरपूर, नोकरी कायमची. मग गाऱ्हाणें तें कसलें?

या प्रश्नाचें उत्तर पगाराच्या आंकड्यांत सांपडत नाहीं. धनी कोण, या गोष्टींत तें सांपडतें. गिरणींतल्या माणसाला आपला धनी ठाऊक असतो. भांडण झालें तर कोणत्या दारावर जावयाचें हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. खासगी अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकाची गोष्ट निराळी. त्याला नेमणूक देते ती एक शिक्षणसंस्था. त्या नेमणुकीला मान्यता देतें तें विद्यापीठ. पगार येतो तो शासनाच्या तिजोरींतून, उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांच्या कचेरीमार्फत. आणि वेतनश्रेणी ठरवितो तो दिल्लीचा विद्यापीठ अनुदान आयोग. मात्र आयोगानें ठरविलेली श्रेणी राज्यानें आपला निर्णय काढून स्वीकारल्याशिवाय तिचा एक रुपयाहि हातीं पडत नाहीं. चार दारें, आणि प्रत्येक दारावरचा मनुष्य शेजारच्या दाराकडे बोट दाखवितो. एकट्यादुकट्या माणसाचें आयुष्य या दारांच्या फेऱ्यांत सहज निघून जाईल. संघ हा मुळांत या चारहि दारांवर एकाच वेळीं उभा राहूं शकणारा मनुष्य आहे.

शिवाय सोलापूरच्या नोकरवर्गाला दारें बदलण्याचाहि अनुभव मोठा. दयानंद महाविद्यालय १९४० सालीं निघालें तेव्हां तें १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या छायेंत होतें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झालें आणि सोलापूर तिकडे गेलें. १९५३ सालचें संगमेश्वर महाविद्यालय पुण्याच्या कारकीर्दींतच जन्मलें. १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघालें, तेव्हां सोलापूरचा कारभार कोल्हापुरास गेला; आणि १ ऑगस्ट २००४ रोजीं एका जिल्ह्यापुरतें स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ स्थापन झालें, ज्याला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें या घडामोडींत फार तर प्रमाणपत्रावरची मुद्रा बदलते. नोकरवर्गाच्या दृष्टीनें मात्र ज्येष्ठतेची यादी, भविष्यनिर्वाह निधीचें खातें, मान्यतेचीं पत्रें आणि सेवापुस्तक एवढ्या सर्वांचें स्थलांतर व्हावें लागतें. त्यांतला एखादा कागद वाटेंत राहिला, तर त्याची आठवण निवृत्तीच्या वेळीं होते, आणि तोंपर्यंत तो कागद लिहिणारा कारकून स्वतः निवृत्त झालेला असतो.

कायद्यानें या माणसांना काय समजावें, याविषयीं न्यायालयांनाहि बराच विचार करावा लागला आहे. १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दिल्ली विद्यापीठाच्या एका बसचालकाचें प्रकरण आलें. विद्यार्थिनींची ने-आण करणारी बस तो चालवीत असे. त्याला कामावरून कमी केलें होतें. विद्यापीठ हा उद्योग नव्हे, म्हणून औद्योगिक कलहाचा कायदा त्याला लागू नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें १९७८ सालीं बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यांत सात न्यायाधीशांनीं हें मत बदललें, आणि शिक्षणसंस्था हीसुद्धां उद्योगाच्या व्याख्येंत बसते असें म्हटलें. कारकून, शिपाई, चालक यांना त्यामुळें कायद्याचें दार उघडलें. अध्यापकांना मात्र नाहीं. गोव्यांतील एका शाळेच्या शिक्षिकेचा दावा १९८८ सालीं निकालांत निघाला, तेव्हां संस्था उद्योग असली तरी तींत शिकविणारा शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, कारण त्याचें काम अंगमेहनतीचें नाहीं कीं कारकुनीचेंहि नाहीं, असा निर्णय झाला. म्हणजे एकाच इमारतींत काम करणाऱ्या दोघांपैकीं परीक्षेची उत्तरपत्रिका मोजणारा ‘कामगार’ ठरला आणि ती तपासणारा ठरला नाहीं! शिक्षकाच्या पेशाचा मान राखला गेला खरा. पण मान राखतांना एक हत्यार हातांतून गेलें. त्या निकालांतच अशी अपेक्षा व्यक्त झाली होती कीं शिक्षकांसाठीं वेगळी सोय कायद्यानें करावी.

महाराष्ट्रांत ती सोय विद्यापीठ कायद्यांतून झालेली आहे. १९९४ च्या व त्यानंतर २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण ठेवलें आहे. बडतर्फी, सेवासमाप्ति किंवा पदावनति झाली तर तेथें अपील करतां येतें. परंतु मुदत तीस दिवसांची. नोकरी गेलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस घरच्यांपासून ती गोष्ट लपविण्यांत जातात आणि पुढचे पंधरा संस्थेच्या चालकांच्या घरीं हेलपाटे घालण्यांत. मुदतीच्या आंत अर्जाचा मसुदा करून देणारा, वकील गांठून देणारा मनुष्य बहुधा संघाचाच असतो. या कामाचा बोभाटा होत नाहीं. मोर्चाचें छायाचित्र वर्तमानपत्रांत येतें, अर्जाच्या मसुद्याचें येत नाहीं.

आतां धोरणबदलाकडे वळावयाचें. अलीकडच्या वीस वर्षांत या वर्गाच्या आयुष्यावर सर्वांत खोल परिणाम करणारा बदल निवृत्तिवेतनाचा आहे, आणि सोलापूरला तो विशेषच बोंचतो. त्याचें कारण एका तारखेंत आहे. २००४ च्या ऑगस्टांत येथलें विद्यापीठ उघडलें. त्यानंतर बरोबर पंधरा महिन्यांनीं, १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्यानें नोकरींत येणाऱ्यांसाठीं राज्यानें जुनें निवृत्तिवेतन बंद करून परिभाषित अंशदानाची योजना आणली. केंद्र सरकारनें आपल्या नोकरांसाठीं हेंच १ जानेवारी २००४ पासून केलें होतें. परिणाम असा झाला कीं या तरुण विद्यापीठाचा नोकरवर्ग जन्मतःच दोन पंक्तींत बसला. जे आधींपासून सेवेंत होते ते जुन्या नियमांखालीं राहिले. पुढें भरती झाले ते सारे नव्या पंक्तींत.

दोन पंक्तींतला फरक उदाहरणानें स्पष्ट होईल. जुन्या पद्धतींत, निवृत्तीच्या वेळीं एखाद्याचें मूळ वेतन ८०,००० रुपये असेल तर त्याला साधारणपणें त्याच्या निम्मे, म्हणजे ४०,००० रुपये दरमहा मिळतात, आणि त्यावर महागाई भत्ता चढत जातो. तो गेल्यावर पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें. बाजार चढो वा पडो, त्याच्याशीं या रकमेचा संबंध नाहीं. नव्या पद्धतींत, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६०,००० असतील तर त्यांचा दहावा हिस्सा, ६,००० रुपये, दरमहा पगारांतून कापला जातो. तेवढीच भर शासन घालतें, जी एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के, म्हणजे या उदाहरणांत ८,४०० रुपये झाली. हा पैसा रोख्यांत व समभागांत गुंतविला जातो. निवृत्तीला समजा पन्नास लाख रुपये जमले. त्यांपैकीं तीस लाख हातीं येतात, आणि निदान वीस लाखांची वर्षासनाची पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यावर सहा टक्के सुटले तर महिन्याला १०,००० रुपये होतात. महागाई दुप्पट झाली तरी ते १०,०००च. जुन्या पंक्तींत आंकडा आधीं ठाऊक असतो आणि जोखीम शासनाची असते. नव्या पंक्तींत वर्गणी ठाऊक असते आणि जोखीम म्हाताऱ्याची.

राज्याचीहि बाजू आहे, आणि ती केवळ कंजूषपणाची नाहीं. माणसें पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक वर्षें जगतात. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज एवढ्यांतच तिजोरीचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि ज्या शेतकऱ्याला वा विडी वळणाऱ्या बाईला कसलेंच निवृत्तिवेतन नाहीं ती हा खर्च आपल्या करांतून उचलते. सोलापुरांत विडीकामगार स्त्रियांची वस्ती मोठी आहे. त्यामुळें हा मुद्दा येथें पुस्तकी राहत नाहीं. संघांच्या व्यासपीठांवरून तो क्वचितच प्रामाणिकपणें हाताळला जातो, हेंहि म्हटलें पाहिजे.

न्यायालयाकडून या बाबतींत फारसें घडण्याजोगें नव्हतें. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे असें सांगितलें, आणि आजहि तो दिवस पेन्शनरांचा दिन म्हणून पाळला जातो. परंतु तेथें प्रश्न ज्यांना निवृत्तिवेतन लागू होतें अशांमध्यें केलेल्या भेदाचा होता. जो मनुष्य १ नोव्हेंबर २००५ नंतर, नवे नियम ठाऊक असतांना नोकरींत आला, त्याला त्या निकालाचा आधार थोडाच. जेथें न्यायालय थांबतें तेथें उरतें तें सामुदायिक बळ. म्हणून हा प्रश्न संघांकडे आला.

आणि येथेंच संघांची खरी परीक्षा झाली. कारण संघाचे पदाधिकारी बहुधा वडील मंडळी असतात. म्हणजे स्वतः जुन्या पंक्तींतले. ज्यांचें ताट वाढलेलें आहे त्यांनीं दुसऱ्याच्या ताटासाठीं आपला पगार धोक्यांत घालावा काय? पहिलीं कांहीं वर्षें या प्रश्नाचें उत्तर फारसें उत्साहाचें नव्हतें. २००५ सालीं नवे लोक थोडे होते, तरुण होते, निवृत्ति त्यांच्या स्वप्नांतहि नव्हती. जसजसे ते बहुसंख्य होऊं लागले आणि त्यांच्यापैकीं कांहींजण अकालीं वारल्यावर घरच्यांच्या वाट्याला काय आलें हें दिसूं लागलें, तसतसा आवाज वाढला. १४ मार्च २०२३ रोजीं राज्यांतील लाखो शासकीय व निमशासकीय नोकरांनीं ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेनें संप पुकारला. तो आठवडाभर चालून २० मार्चला मागें घेतला गेला. शासनानें निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची तीन सभासदांची समिति नेमली होती.

अशाच झगड्याचें उदाहरण ब्रिटनमधून घेतां येईल. तेथील विद्यापीठांच्या निवृत्तिवेतननिधींत तूट येणार असें सांगून, निश्चित रकमेची हमी काढून बाजारावर अवलंबून असलेली योजना आणण्याचा बेत झाला. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चांत साठांहून अधिक विद्यापीठांतील अध्यापक चौदा दिवस संपावर गेले, बर्फांत उभे राहिले. परंतु त्या संपाचें खरें फळ घोषणांतून निघालें नाहीं. तुटीचा हिशेबच पुन्हा तपासण्यासाठीं दोन्ही पक्षांनीं मिळून तज्ज्ञांची समिति नेमली, आणि हिशेबाच्या गृहीतांवर तिनें बोट ठेवलें. तरीहि २०२२ सालीं लाभ कमी केले गेलेच. मग निधीची स्थिति सुधारली आणि एप्रिल २०२४ पासून ते परत मिळाले. सहा वर्षें लागलीं. आपल्याकडे संघांजवळ वक्ते पुष्कळ असतात, विमागणिती नसतो. ही उणीव मोठी आहे.

हत्यार कोणतें उचलावें, हाहि प्रश्न विद्यापीठांत गिरणीइतका सोपा नाहीं. गिरणी बंद पडली तर मालकाचें नुकसान होतें. महाविद्यालय बंद पडलें तर शासनाचा पगार उलट वांचतो, आणि नुकसान होतें तें विद्यार्थ्याचें. महाराष्ट्रांतील प्राध्यापकांच्या महासंघानें, ज्याला सारे ‘एम्फुक्टो’ या नांवानें ओळखतात, ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. त्यामागें दोन प्रमुख गाऱ्हाणीं होतीं. एक सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचें. दुसरें अधिक करुण. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९१ सालीं अध्यापकांना पात्रतापरीक्षा आवश्यक केली. राज्यानें तो नियम २३ ऑक्टोबर १९९२ पासून धरला. आणि राज्याची स्वतःची पात्रतापरीक्षा सुरू व्हावयास १९९५ साल उजाडलें. मधल्या काळांत आणि त्यानंतरहि संस्थांनीं रीतसर नेमणुका केल्या, विद्यापीठांनीं मान्यता दिल्या, शासनानें पगार दिले. वीस वर्षें शिकवून झाल्यावर या माणसांना आपली सेवा धरली जाणार कीं नाहीं, पदोन्नति व निवृत्तिवेतन मिळणार कीं नाहीं, हेंच कळत नव्हतें.

बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १० मे रोजीं संपला. २७ जून २०१३ रोजीं शासनानें निर्णय काढून १९९२ ते २००० या दरम्यान नेमलेल्यांच्या सेवा नियमित केल्या, परंतु त्या निर्णयाच्या तारखेपासून. मागील सेवेचा वाद न्यायालयांत राहिलाच. शिवाय बहिष्काराच्या काळांतील ७१ दिवसांचा पगार कापला गेला. प्राध्यापकांचें म्हणणें असें, कीं वर्ग तर आम्ही घेतले, केवळ परीक्षेचें काम नाकारलें. हा पगार मिळविण्यासाठीं पुढें कित्येक वर्षें न्यायालयांत घालवावीं लागलीं. मागणी न्याय्य होती यांत शंका नाहीं. तरी मुलाचा निकाल लांबल्यामुळें प्रवेशाची मुदत हुकेल कीं काय, या चिंतेंत असलेल्या आईबापांची सहानुभूति त्या उन्हाळ्यांत संघानें गमावली. आणि ज्या लढ्यांत न्यायाधीश अखेर जनता असते, तेथें हें नुकसान ७१ दिवसांच्या पगाराहून लहान समजतां येत नाहीं.

शिक्षकेतर नोकरांची कथा याहून कमी ऐकिवांत असते. राज्याचा निर्णय शासकीय नोकरांना लागू झाला कीं विद्यापीठांतील नोकरांनाहि आपोआप लागू होतो, अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. प्रत्येक वेळीं वेगळा निर्णय काढावा लागतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा. अध्यापकांसाठीं निर्णय निघाला ८ मार्च २०१९ रोजीं. विद्यापीठांतील शिक्षकेतरांच्या एका भागाला प्रत्यक्ष लाभ नोव्हेंबर २०२० पासून मिळूं लागला, आणि मधल्या ५८ महिन्यांची थकबाकी हें पुढें संघाच्या प्रत्येक निवेदनांतलें एक कलम होऊन बसलें. दुसरें कलम सेवांतर्गत आश्वासित प्रगतीचें. ज्या कारकुनाला वर जागाच नाहीं, त्याला निदान ठराविक वर्षांनीं वरची वेतनश्रेणी मिळावी, अशी ही योजना. विद्यापीठीय नोकरांना ती देणारे निर्णय शासनानें २०१८ च्या डिसेंबरांत रद्द केले. मिळालेली वस्तु परत घेतली जाणें हें कधींच न मिळण्याहून अधिक झोंबतें. २०२३ च्या फेब्रुवारींत या मंडळींनीं प्रथम परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला आणि २० तारखेपासून राज्यभर बेमुदत संप केला. तेव्हां प्रवेशपत्रें, बैठकव्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हीं कामें करणारीं माणसें किती आहेत, हें अनेकांना प्रथमच कळलें.

असा लाभ मागें घेतला जातो तेव्हां वसुलीची नोटीस येण्याची भीति असते. येथें संघाच्या जाणत्या कार्यकर्त्याला एक निकाल तोंडपाठ असावा लागतो: डिसेंबर २०१४ मधील पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह. चुकीनें जादा दिलेला पगार तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या नोकरांकडून, निवृत्तांकडून किंवा वर्षभरांत निवृत्त होणारांकडून वसूल करतां येणार नाहीं, तसेंच पांच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली रक्कमहि परत मागतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत सांगितलें. प्रयोगशाळेंतल्या परिचराला हा निकाल ठाऊक असण्याचें कारण नाहीं. नोटीस हातीं येतांच तो सोसायटीचें कर्ज काढून पैसे भरावयास निघतो. त्याला दारांतच थांबवून, ‘आधीं उत्तर लिहूं’ असें म्हणणें ही संघाच्या वर्षभराच्या वर्गणीची पुरेपूर परतफेड होय.

एका वर्गाला मात्र ही परतफेड मिळत नाहीं. रिकाम्या जागा वर्षानुवर्षें भरल्या गेल्या नाहींत. २०१८ सालीं सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरण्यास मान्यता मिळाली, त्यांपैकीं १,४९२ भरल्या गेल्या, आणि उरलेल्या २,०८८ जागांसाठीं २०२१ सालीं पुन्हा मान्यता काढावी लागली. जागा रिकामी असली तरी विद्यार्थी रिकामे बसत नाहींत. त्यांना शिकविण्यासाठीं तासिकातत्त्वावर तरुण माणसें घेतलीं जातात. तासाला ठराविक मोबदला, सुटींत कांहीं नाहीं, मोबदलाहि वेळेवर नाहीं, आणि पुढल्या जूनमध्यें बोलावणें येईल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं. यांना जुनी पंक्ति नाहीं कीं नवीहि नाहीं. संघाच्या ठरावांत त्यांचा उल्लेख असतो, तो बहुधा शेवटच्या कलमांत. कायम नोकरांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघाची नजर कायम नोकरांवरच राहणार हें स्वाभाविक असलें, तरी विभागांतलें निम्मेंअधिक शिकविणें जेथें अशा माणसांवर आलें आहे, तेथें त्यांना सोडून केलेला संप किती दिवस टिकेल?

निवृत्तिवेतनाच्या वादांत दोन पावलें पुढें पडलीं. ज्यांच्या जागेची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीं निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, अशा शासकीय नोकरांना जुन्या योजनेंत येण्याचा एक वेळचा पर्याय २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानें मिळाला. मार्च २०२४ मध्यें राज्यानें सुधारित योजना जाहीर केली, जिच्यांत शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची व तीवर महागाईवाढीची हमी आहे. पण हमी मिळाली म्हणजे अर्ज आपोआप भरला जात नाहीं. पर्याय द्यावयाचा तो लेखी, मुदतींत आणि बहुधा परत न फिरवितां येण्याजोगा. कोणाची सेवा किती वर्षांची भरते, मधला खंड क्षमापित झाला आहे काय, जमलेल्या रकमेचें काय व्हावयाचें, हें प्रत्येकाचें निराळें.

इतर सदस्यदेखील यांत गुंतलेले असतात. संघ नोंदविण्याचा १९२६ सालचा कायदा सात माणसांवर संतुष्ट होता. २००१ च्या दुरुस्तीनें त्यानें शंभर किंवा एकदशांश सभासदांची अट घातली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंधांच्या नव्या संहितेनें घेतली आहे. म्हणजे ज्या संघानें दुसऱ्यांचे कागद नीट करून द्यावयाचे, त्यालाच आपले कागद पुन्हा वाचावे लागत आहेत.

सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयांत २००६ सालीं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं लागलेला अध्यापक २०३८ मध्यें साठीला निवृत्त होईल. त्याच्याच वयाचा कारकून, अठ्ठावन्नाव्या वर्षीं, २०३६ मध्यें. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा, २००४ सालीं लागलेला गृहस्थ जुन्या नियमांनीं बाहेर पडेल. तिघांचींहि सेवापुस्तकें एकाच कपाटांत आहेत.